मिसेस बेबना द्यायचा निरोप

—हो, बघितलं होतं मी तुम्हाला. चॅपेलमध्ये. शेवटच्या बाकावर, दाराजवळ, निळी टोपी घालून बसला होतात. आणि मी मान फिरवली, हेही खरं. कुणी सांगितलं तुम्हाला? नाही, राहू दे, नाव नका सांगू, एवढंसं गाव, सांगणाऱ्यांना काय तोटा. डॅडच्या शवपेटीच्या मागून चालत होते मी, तुमच्यापाशी आले, तुम्ही चेहरा वर केलात — आणि मला वाटलं, यांना कुठे दिसतंय, यांना समोरचं मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं, डॅडनीच सांगितलं होतं मला — म्हणून फिरवली मान. तुम्हाला कळायचं नाही अशा समजुतीनं. लाज वाटते आता. बसा ना. इकडे, या खुर्चीत. कोट राहू द्या अंगावर, दोन महिने या घरात कुणी राहत नाही, भिंतीसुद्धा गार पडल्यात. थांबा, खोकं आहे पायाशी, सरकवते. सोमवारी किल्ल्या द्यायच्यात घराच्या. चहा टाकते, पण दूध नाहीये हं. चौतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला त्या माणसाच्या घरात दूध नाही — ऐकलं असतं ना डॅडनी, मला दाराबाहेर उभं केलं असतं.

हे काय? अय्या, थर्मास! डॅडच्या गाडीतून तुमच्याबरोबर आला होता होय? मी सगळं घर उलथंपालथं केलं यासाठी. म्हणजे तुम्ही हा परत करायला आलात, एवढ्या लांब, तुमच्या शेतावरून, ब्रिनहावोडवरून. हं? नाही? फक्त त्यासाठी नाही. मग... विचारा ना. विचारा, मिसेस बेब.

नाही हो. तुम्ही काही केलं नाहीत. देवाशप्पथ सांगते, तुम्ही काहीसुद्धा केलं नाहीत. सात महिने हेच घोकत बसलात का तुम्ही, की आपण काय बोललो, काय चुकलो? — अरे देवा. मला वाटलं होतं रागावला असाल. रागावला असतात तर बरं होतं.

कसं सांगू. हे बघा, तुम्हाला डॅड माहीत, तसे माहीतही नाहीत. तुमच्याकडे गाडी घेऊन यायचे ते डॅड वेगळे. आई गेली ना, त्यानंतरचं वर्ष तुम्ही पाहिलेलं नाही. याच खोलीत, ती तिथे खुर्ची होती, तिच्यात बसायचे. सकाळी बसायचे ते संध्याकाळपर्यंत. दाढी नाही, जेवण नाही, मी डब्यात भरून ठेवलेलं तसंच्या तसं. टीव्हीसुद्धा लावायचे नाहीत, नुसते बंद टीव्हीकडे बघायचे. मी म्हणायचे, डॅड, निदान बागेत तरी जा, तर म्हणायचे, बागेला माझी गरज नाही, पोरी. मग मीच मारेदला गाठलं. हो, तीच मारेद, हॉलच्या मागच्या खोलीत बसते ती, गाड्यांची योजना बघते. म्हटलं, तुला चालक हवेत ना? म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला-आणायला? माझे वडील घे. या भागातलं एकही शेत नाही ज्याच्या अंगणात त्यांनी टँकर वळवलेला नाही. ती म्हणाली, वय? म्हटलं, पंचाहत्तर, पण चौतीस वर्षांत एक ओरखडा नाही. आणि घेतलं तिनं. पहिल्या दिवशी दाढी करून, टाय लावून तयार. टाय! मिसेस मॅडॉक्सना पायाच्या पट्ट्या बदलायला न्यायचं होतं नुसतं. संध्याकाळी मला फोन — "एलेरी, माणूस नेणं आणि दूध नेणं एकच गं. हलू द्यायचं नाही, झालं."

आणि मग तुम्ही. महिन्यातून एक गुरुवार, आबेरवेनला, डोळ्यात इंजेक्शन. आई गं, डोळ्यात! मला नुसतं ऐकून कसंतरी व्हायचं. डॅडना विचारलं की म्हणायचे, मिसेस बेब काही बोलत नाही त्याबद्दल, गाडीत बसली की हवामान सांगते. हसू नका, खरंच असं म्हणायचे. सव्वीस मैल जायचं, सव्वीस यायचं, आणि घरी आले की मला तुमच्या गोष्टी. मिसेस बेबच्या मेंढीला तिळी झाली. मिसेस बेबच्या मुलानं कॅनडाहून फोन केला नाही. मिसेस बेब म्हणते, पावसाळी दिवसात डोळ्याला बरं वाटतं. तुमच्या नवऱ्याच्या वेळी तुमच्या अंगणात दूध घ्यायला यायचे ना ते, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत दिसायचात म्हणे, पीठ मळताना, आणि वीस वर्षांत तुम्ही एकमेकांशी मिळून दहा वाक्यं बोलला नसाल. "आता उरलेली बोलतो," म्हणायचे. सहा वर्षं गुरुवारशिवाय दुसरा वार नव्हता या घरात.

मग बंद का केलं — तेच सांगते. तक्रार आली. तुमच्या कानावर नाही आलं? नाही, येणार कसं, ते कुणाला सांगायचंच नसतं. मारेदला एक पत्र आलं ऑक्टोबरात. निनावी. की अमुक गुरुवारी, दुपारी, आबेरवेनच्या बाजाररस्त्यावरच्या झेब्रा क्रॉसिंगवर योजनेची गाडी थांबली नाही, एक बाई बाबागाडी घेऊन उतरत होती, तिला मागे उडी मारावी लागली, चालक वयस्कर होते आणि त्यांना काही झाल्याचं कळलंसुद्धा नाही. एवढंच. दहा ओळी. आणि असं पत्र आलं की मारेदच्या हातात काही राहत नाही हो. चालकाला तोवर थांबवायचं, डोळे तपासून आणायचे, गाडी चालवायची परीक्षा द्यायची, तिकडून होकार आला की मग पुन्हा गाडी. ती बिचारी फोल्डर घेऊन इथे आली, या टेबलाशी बसली, रडवेली झाली होती. "इदवाल, एक महिन्याचा प्रश्न आहे, जरा तपासून घ्या." डॅड म्हणाले, कुणी लिहिलं? ती म्हणाली, मला माहीत नाही, आणि असतं तरी सांगता आलं नसतं. डॅडनी गळ्यातला योजनेचा बिल्ला काढला आणि तिच्या फोल्डरवर ठेवला. म्हणाले, चौतीस वर्षं आणि वर सहा. कागद घेऊन कुणीतरी शेजारी बसणार आणि मी त्याला गाडी चालवून दाखवणार? नाही. झालं.

आणि मग... तुम्हाला आता हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही पुन्हा घरी जाऊन घोकत बसाल. त्यांना वाटलं, तुम्ही केली तक्रार. थांबा, थांबा — ऐका. त्यांचा सरळ हिशोब होता: त्या गुरुवारी गाडीत दुसरं होतं कोण? रस्त्यावरच्या परक्या माणसाला काय माहीत ही योजनेची गाडी आहे ते? काचेवर एवढंसं स्टिकर. तर मिसेस बेबच. सहा वर्षं शेजारी बसली आणि तोंडावर बोलायची हिंमत नाही झाली, लिहून कळवलं. असं धरून बसले. म्हणून तुमचे फोन घेतले नाहीत. तुम्ही काही बोललात म्हणून नाही, तुम्ही काही केलंत म्हणून नाही — न केलेल्यासाठी. माफ करा त्यांना, मिसेस बेब. म्हातारा माणूस, एकदा मनात घेतलं की घेतलं. मला माहीत होतं तुम्ही नाही ते. पहिल्यापासून माहीत होतं.

कसं म्हणजे? अहो, तुम्हाला रस्ता कुठे दिसतो. झेब्रा क्रॉसिंग आलं-गेलं तुम्हाला काय कळणार, त्यात तुम्ही दोघं हसत होता इतके, तुमचा तर हात तोंडावर होता, तुम्ही काय बघणार होता, आणि शिवाय —

काय?

नाही... डॅडनी सांगितलं असेल. तुम्ही हसत होता ते. त्यांनीच कधीतरी... नाही. नाही सांगितलं. तुम्ही बरोबर बोलताय. त्या हसण्याबद्दल ते एक शब्द कधी बोलले नाहीत.

चहा गार झाला तुमचा. दुसरा टाकते. नको? बरं.

मी होते तिथे. माझं ऑफिस आहे ना बाजाररस्त्यावर, विम्याचं, बेकरीच्या वर. बावीस वर्षं तिथेच. जेवणाच्या सुट्टीत सँडविच आणायला खाली उतरले होते, दारात उभी होते, पैसे शोधत पर्समध्ये. डॅडची गाडी येताना दिसली. हात वर केला मी, हाक मारणार होते. आणि ती बाई उतरली, डावीकडून. लाल बाबागाडी होती, वर प्लॅस्टिकचं छत, पाऊस येऊन गेला होता ना. तिनं बघितलं गाडी येतेय, हळूच येतेय, थांबेल — थांबतातच सगळे — म्हणून पाय टाकला. डॅड थांबले नाहीत. ब्रेकला पायसुद्धा नाही, मिसेस बेब. त्याच वेगानं, सरळ, जसं रस्त्यात कोणीच नाही. तिनं बाबागाडी मागे ओढली ती उलटी झाली फूटपाथवर. बाळ बांधलेलं होतं पट्ट्यानं, काही झालं नाही त्याला, रडलं नुसतं. आणि तुमची गाडी माझ्यासमोरून गेली, दोन हातांवरून. डॅड हसत होते. तुम्ही हसत होता. मी इतकी वर्षं त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं, आई होती तेव्हाही नाही. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आलं, की ही बाई गप्पा मारते म्हणून यांचं लक्ष नाही रस्त्यावर. तुमच्यावर राग आला मला. तिथल्या तिथे.

म्हणजे तुम्हाला वाटेल एकाच दिवसावरून. नाही हो. गाडीची डावी बाजू मी उन्हाळ्यापासून बघत होते. आरसा काळ्या पट्टीनं चिकटवलेला. दारावर लांब ओरखडा, मग दुसरा. "गल्लीतली झुडपं वाढलीत, पंचायत कापत नाही," म्हणायचे. आणि झुडपं सगळी डावीकडेच वाढतात का, हे मी विचारलं नाही. मी! माझं पोटच त्यावर चालतं — लोकांच्या गाड्यांचे ओरखडे बघून हा कशाचा, तो कशाचा हे मी डोळे मिटून सांगते. जेवताना मीठ शोधायचे, डाव्या हाताशी असायचं ते. मी उचलून उजवीकडे ठेवायचे आणि बोलायचे नाही.

का नाही बोलले? तुम्ही असं विचारताय जसं काही मी स्वतःला विचारलं नाहीये. तीन रविवार होते माझ्याकडे, मिसेस बेब. तो गुरुवार आणि पत्र टाकलं तो दिवस, यांच्यामध्ये तीन रविवार. प्रत्येक रविवारी इथे जेवायला आले, मटण भाजलं, बटाटे केले, तयारी करून आलेली असायचे — डॅड, मी परवा बाजाररस्त्यावर होते. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. आणि ते मला सांगायला लागायचे, पुढच्या गुरुवारी मिसेस बेबला परतीच्या वाटेवर धरणावर घेऊन जाणारे, तिथे बाक आहे, थर्मास नेतो, पाणी दिसलं नाही तरी आवाज ऐकेल. मी काय करू? मीच त्यांना त्या खुर्चीतून उठवलं होतं. मीच जाऊन म्हणू, बसा परत?

मग मी मला जे येतं ते केलं. कागद केला. तुम्हाला माहीत नसेल, योजनेचा विमा आमच्याच ऑफिसातून जातो. चालकाची गाडी त्याची, तिचा विमा त्याचा. पण लोकांना नेण्या-आणण्यात जे त्याच्या विम्यात बसत नाही, त्यासाठी योजनेचा वेगळा. तो मी बघते. आणि कंपनी दर वर्षी एक प्रश्न विचारते — धोका वाढेल असं काही तुमच्या कानावर आलंय का? आलं असेल आणि तुम्ही गप्प बसला असाल, आणि उद्या काही झालं, तर कंपनी हात झटकते. हे मीच मारेदला शिकवलं होतं. हॉलमध्ये सगळ्या चालकांना बसवून सांगितलं होतं — डॅडसुद्धा होते, पहिल्या रांगेत, पोरीचं कौतुक करत. जे कळेल ते लिहून ठेवा, म्हटलं होतं मी. तोंडी ऐकलेलं उडून जातं, कागदावर तारीख पडते. म्हणून मला पक्कं ठाऊक होतं, मारेदला फोन केला असता तर ती म्हणाली असती, अगं इदवाल ना, मी बोलते हळूच. आणि हळूच काही झालं नसतं. पण पत्र आलं की तिला बाजूला ठेवता येणार नाही. कुठली वाक्यं लिहिली की कुणालाच ती खणात टाकता येत नाहीत, ते मला येतं. दहा ओळी ऑफिसच्या मशीनवर टाइप केल्या, स्टॅम्प लावला, आबेरवेनच्या पेटीत टाकलं. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव चालकाला सांगायचं नाही — योजनेच्या नियमांतलं हे कलमसुद्धा माझंच. तुमच्यासारख्यांसाठी घातलं होतं. तक्रार केली तर उद्या गाडी यायची बंद होईल, या भीतीनं म्हातारी माणसं बोलत नाहीत, म्हणून. मी ते पांघरून बसले.

पत्र लिहिलं ते चूक, असं नाही म्हणत मी. ते आजही लिहीन. त्या बाळाला डोळ्यांनी बघितलंय मी. पण सही करून लिहायला हवं होतं.

त्यात माझ्या डोक्यात काय होतं, ते थोडे रागावतील, मग डोळे तपासतील, चष्म्याचा नंबर बदलेल, डिसेंबरात पुन्हा गाडी सुरू. तुमच्यावर संशय जाईल हे — नाही, खोटं नको. पत्र लिहिताना नव्हतं डोक्यात. पण मारेद गेली त्या संध्याकाळी डॅड म्हणाले, "मिसेस बेब. दुसरं कोण?" तेव्हा मी तिथे सिंकपाशी होते, पाठमोरी. ताट धूत होते. माझ्या जिभेवर आलेलं होतं — डॅड, त्यांना धड रस्ता दिसत नाही, त्या काय तक्रार करणार? किती साधं. लहान मूल म्हणालं असतं. पण मी तेवढं बोलले असते तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग कोण? म्हणून मी ताट धूत राहिले. धुतलेलं ताट परत धुतलं.

नंतर तुमचे फोन. सात वेळा आला, मी इथे असताना. दिवसा किती आले असतील कोण जाणे. फोन वाजायचा, डॅड त्याच्याकडे बघायचे, "बेबचा आहे, वाजू दे." नाताळाला तुमचं कार्ड आलं, एवढी मोठी मोठी अक्षरं, ओळी वर चढलेल्या. मी वाचून दाखवू का म्हटलं, नको म्हणाले. पण टाकलं नाही हं. इथेच होतं, फळीवर, उलटं करून ठेवलेलं. एकदा मी पुसताना ते सुलटं केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटं. आणि गाडी धुवायचे दर शनिवारी. जायचं कुठेच नाही, पण धुवायचे, आतून पुसायचे, तुमच्या बाजूची सीट झटकायचे. बॅटरी उतरली ती मी भरून आणली नाही. बरंच झालं, म्हटलं. सुरक्षित झालं सगळं. कुणालाही कसलाही धोका नाही आता.

जानेवारीत एक दिवस मी आले तर घरी नाहीत. गाडी तर अंगणात. संध्याकाळी बसमधून उतरले, ओले, टोपी हातात. कुठे गेला होतात? तर म्हणे, फिरायला. बोलले नाहीत काही. त्या दिवसापासून पुन्हा खुर्ची. मग खोकला, मग ताप, मग फेब्रुवारीच्या शेवटी अँब्युलन्स. छातीत पाणी.

तिथे बोलले. हॉस्पिटलमध्ये, तिसऱ्या दिवशी, अगदी नीट होते त्या दुपारी, सूप प्यायले. म्हणाले, मी जानेवारीत डोळे तपासून घेतले, एलेरी. मशीनमध्ये डोकं घालायला लावतात, बारीक बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मध्येच सगळं थांबलं. मी त्या बाईला म्हटलं, बाई, तुमचं मशीन बिघडलंय, डावीकडचे दिवे लागतच नाहीयेत. ती म्हणाली, मिस्टर प्यू, लागताहेत. — हसले सांगताना. "लागताहेत म्हणाली गं. काचबिंदू. दोन-तीन वर्षं जुना म्हणे." मग म्हणाले, तिला मधलं दिसत नाही, मला कडेचं दिसत नाही. दोघांची मिळून एक धड नजर झाली असती आमची. मी म्हटलं, कुणाची, डॅड? — कळलं होतं मला कुणाची. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

मग निरोप सांगितला. तुमच्यासाठी. तोच तुम्हाला द्यायचा राहिलाय, मिसेस बेब, दोन मार्चपासून. चॅपेलमध्ये तोच घेऊन चालत होते मी, आणि म्हणून मान फिरवली. सांगते. जसाच्या तसा सांगते, त्यात माझं काही घालत नाही. "तिला सांग, तिनं बरोबर केलं. तिला कळलं असणार. जिची स्वतःची नजर जाते, तिला शेजाऱ्याची जाताना कळते, बघावं लागत नाही. त्या बाबागाडीतलं पोर माझ्या हातून गेलं असतं आणि मी घरी येऊन चहा प्यालो असतो. माझ्यावर उपकार केले तिनं. राग होता, तो जानेवारीत गेला. नंतर फोन उचलला नाही तो लाजेपायी. ऑल्वेनला सांग, मी आभार मानतो."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "सांगते, डॅड."

नाही. त्यांना नाही सांगितलं. त्यानंतर अकरा दिवस होते ते. अकरा दिवस मी त्या पलंगाशेजारी बसले, पाणी पाजलं, नखं कापली, हात हातात घेतला. त्यातले चार दिवस तर चांगले शुद्धीवर होते. शेवटी शेवटी मनात यायचं, आता कशाला, शांत आहेत, जाऊ देत शांत. पण ते त्यांच्यासाठी नव्हतं हो. आभार ऐकले होते ना मी. तुमच्या नावानं का होईना, पत्र लिहिणाऱ्याचे आभार मानत होते ते, आणि मी तिथे बसून ते ऐकले होते. मी म्हटलं असतं, डॅड, ते मी — तर काय सांगावं, आभार मानले असते की तोंड फिरवलं असतं. ते मला बघायचं नव्हतं. म्हणून आभार तुमच्याकडे पाठवून दिले, आणि तुमच्यापर्यंतही पोचवले नाहीत.

तुम्ही रडताय. नका ना रडू, तुमच्या डोळ्यांना — हा घ्या, रुमाल. काय म्हणालात? ऑल्वेन? हो. हो, ऑल्वेनच म्हणाले. मिसेस बेब नाही म्हणाले, त्या वेळी नाही. मलाही जरा नवल वाटलं, सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून तुमचं नाव ऐकलं नव्हतं. का? त्यात काय एवढं — काय?

त्याच दिवशी?

गाडीत. म्हणजे तेव्हाच... तुम्ही त्यांना म्हणालात, आता पुरे झालं मिसेस बेब, ऑल्वेन म्हणा. आणि ते लाजले. डॅड लाजले? म्हणाले, जमणार नाही, टँकरवाल्यानं शेतकऱ्याच्या बायकोला नावानं हाक मारायची नसते. आणि तुम्ही म्हणालात, दूध तर केव्हाच संपलं, मिस्टर प्यू. आणि त्यावर हसलात. दोघं.

आणि मग फोन बंद झाले. आणि तुम्हाला वाटलं — सात महिने — की ते तुम्ही बोलायला नको होतं. वयाला शोभलं नाही. म्हणून तोडलं त्यांनी.

मी तेच बघितलं होतं. दोन हातांवरून. आणि मला वाटलं, ही बाई गप्पा मारते.

बोला ना काहीतरी. मला बोला, टाकून बोला, तुमचा हक्क आहे. गावात सांगा, मारेदला सांगा, मला चालेल, मला खरंच चालेल.

उठताय? थांबा, काठी इकडे आहे. दाराशी पायरी आहे, एकच. धरू का? बरं, नाही धरत.

काय? हात कशाला पुढे केलात? नको. नाही, मिसेस बेब, हे नको. काहीही म्हणा, पण हात नका देऊ मला, मी तो घेऊ शकत नाही, आज नाही. तुमची गाडी उभी आहे दारात, योजनेची ती चालक बाई वाट बघतेय. जा तुम्ही. दार ओढू नका, मी लावते मागून. जा.